निरुपद्रवी भयाचा व्यवहार : मर्लिन एंटरटेनमेंट्स या कंपनीची वाढ आणि आस्वादाचा प्रश्न

१

करमणुकीच्या व्यवसायाचा विचार सामान्यतः अर्थशास्त्र आणि पर्यटनशास्त्र यांच्या कक्षेत केला जातो. साहित्यसमीक्षेला त्यात काही काम आहे, असे सहसा मानले जात नाही. परंतु थीम पार्क, मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन किंवा जुन्या शहरातील क्रौर्यकथा अंधाऱ्या दालनांतून दाखवणारा एखादा खेळ नेमके काय विकतो, असा प्रश्न विचारताच उत्तर समीक्षेच्या अंगणात येऊन पडते. या ठिकाणी विकली जातात ती पाळण्याची फेरी किंवा मेणाची आकृती नव्हे. विस्मय, भय, हास्य आणि गतकाळाशी झालेली ओझरती भेट यांची विक्री होते. ज्या भावांचा विचार आपल्या काव्यशास्त्राने शतकानुशतके केला, तेच भाव येथे तिकीट लावून, ठराविक मिनिटांच्या मापाने दिले जातात. त्यामुळे या व्यवसायाची वाढ कशी झाली हे पाहणे, म्हणजे आस्वादाच्या एका नव्या व्यवस्थेची वाढ कशी झाली हे पाहणे होय.

प्रस्तुत निबंधात मर्लिन एंटरटेनमेंट्स या ब्रिटिश कंपनीचा या दृष्टीने विचार केला आहे. मादाम तुसाँ, लेगोलँड, सी लाइफ मत्स्यालये, लंडन डंजन, लंडन आय, ऑल्टन टॉवर्स, वॉरिक किल्ला ही नावे वाचकांना कमीअधिक परिचित असतील. ती सारी एकाच कंपनीच्या छत्राखाली आली, हे मात्र फारसे ध्यानात नसते. प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने डिस्नेच्या खालोखाल तिचे नाव घेतले जात आले आहे. डिस्नेने स्वतःच्या चित्रपटांतून स्वतःच्या कथा रचल्या आणि त्यांभोवती नगरे उभारली. मर्लिनचा मार्ग वेगळा आहे. तिने आधीच अस्तित्वात असलेल्या, इतरांनी रचलेल्या आणि लोकस्मृतीत रुजलेल्या गोष्टी एकेक करून विकत घेतल्या.

कंपनीचे नाव आर्थरकथांतील जादूगाराचे आहे. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथ याने लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात अशी कथा येते, की याच मर्लिनने आयर्लंडमधील प्रचंड शिळा आपल्या विद्येने हलवून इंग्लंडात आणल्या आणि तेथे त्यांचे वर्तुळ उभारले. दुसऱ्याच्या भूमीवरील शिळा उचलून आपल्या जागी मांडणारा जादूगार, ही प्रतिमा या कंपनीच्या वाटचालीला विलक्षण लागू पडते.

२

वाढीचा आलेख थोडक्यात असा मांडता येईल. १९७९ मध्ये स्कॉटलंडमधील ओबानजवळ पहिले सी लाइफ केंद्र सुरू झाले. लंडन डंजन १९७४ मध्ये टूली स्ट्रीटवरील कमानींखाली सुरू झाले होते. नव्वदच्या दशकात हे दोन्ही व्यवसाय व्हार्डन या कंपनीकडे होते. १९९९ मध्ये निक व्हार्नी यांच्या नेतृत्वाखाली व्यवस्थापकांनीच ते भांडवलदारांच्या साहाय्याने विकत घेतले आणि मर्लिनचा जन्म झाला. मत्स्यालये आणि तळघरे एवढाच तेव्हा तिचा संसार होता.

खरी झेप २००५ मध्ये घेतली गेली. त्या वर्षी ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने मर्लिन ताब्यात घेतली. त्याच वर्षी, आर्थिक संकटातून सावरू पाहणाऱ्या लेगो समूहाने आपली लेगोलँड उद्याने मर्लिनला दिली. डेन्मार्कमधील बिलुंड येथे १९६८ मध्ये सुरू झालेले मूळ उद्यानही त्यात होते. लेगोचे संस्थापक कुटुंब मात्र आपल्या किर्कबी या संस्थेमार्फत भागीदार म्हणून राहिले. २००६ मध्ये इटलीतील गार्डालँड आले. २००७ मध्ये सुमारे एक अब्ज पौंडांच्या व्यवहारात तुसाँ समूह मर्लिनमध्ये विलीन झाला. मेणाचे पुतळे, लंडन आय, ऑल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क, चेसिंग्टन आणि वॉरिक किल्ला एका फटक्यात तिच्या हाती आले. २०१३ मध्ये कंपनीचे समभाग लंडनच्या बाजारात ३१५ पेन्स या दराने आले. २०१९ मध्ये किर्कबी, ब्लॅकस्टोन आणि कॅनडातील एक निवृत्तिवेतन निधी यांनी मिळून ४५५ पेन्स दराने ते परत घेतले व कंपनी पुन्हा खासगी झाली. कर्जासह या व्यवहाराचे मूल्य सुमारे ५.९ अब्ज पौंड होते. त्या सुमारास वर्षाला सहा कोटींहून अधिक लोक तिच्या स्थळांना भेट देत होते.

या आलेखातील एक तपशील विशेष बोलका आहे. २००७ च्या मोठ्या खरेदीनंतर लगेचच ऑल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क आणि वॉरिक किल्ला यांच्या जमिनी व वास्तू एका मालमत्ता गुंतवणूकदाराला विकण्यात आल्या आणि ३५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा वापरासाठी घेण्यात आल्या. व्यवहारदृष्ट्या यात गैर काही नाही. अडकून पडलेला पैसा मोकळा करण्याचा तो रूढ मार्ग आहे. समीक्षेच्या दृष्टीने मात्र येथे एक विभाजन घडले. माती एकाची झाली आणि मातीवरील अनुभव दुसऱ्याचा. स्थळ आणि स्थळाची कथा या दोन गोष्टी वेगवेगळ्या मालकांकडे असू शकतात, हे या कराराने कागदावर सिद्ध केले. पुढील विवेचन या विभाजनाच्या परिणामांविषयी आहे.

३

वॉरिक किल्ल्याचा आरंभ १०६८ मध्ये विजेत्या विल्यमच्या काळात झाला. शतकानुशतके तो सरदार घराण्यांकडे होता. १९७८ मध्ये वॉरिकच्या अर्ल घराण्याकडून तो तुसाँ समूहाने विकत घेतला. त्यानंतर किल्ल्याच्या निवासी दालनांत १८९८ मधील एका राजेशाही मेजवानीचे दृश्य मेणाच्या आकृतींनी उभारण्यात आले. त्यात युवराज होते, तरुण विन्स्टन चर्चिल होते आणि यजमान घराण्यातील माणसेही होती. घरातील माणसांनी घर सोडले आणि त्यांच्या जागी त्यांच्याच पूर्वजांच्या प्रतिमा राहावयास आल्या, यातील उपरोध कोणत्याही कादंबरीकाराला सुचला असता तर त्याने तो अभिमानाने वापरला असता.

तथापि येथे घाईने निषेध करणे योग्य ठरणार नाही. एवढ्या मोठ्या वास्तूची देखभाल एका कुटुंबाच्या आवाक्यातील गोष्ट राहिली नव्हती. इंग्लंडमधील कितीतरी वाडे विसाव्या शतकात पाडले गेले. हा किल्ला उभा राहिला आणि सामान्य माणसाला खुला झाला. सरदाराच्या दिवाणखान्यात शाळकरी मुले वावरतात, हे लोकशाहीकरणच आहे. प्रश्न उरतो तो त्या मुलांना कोणता इतिहास भेटतो, हा. मेणातील मेजवानीत सरंजामी सत्तेचे वैभव आहे. ज्यांच्या श्रमांवर ते उभे होते त्यांची मोलकरीण-खानसाम्यांपलीकडची कथा तेथे सहसा ऐकू येत नाही. इतिहास नाहीसा झालेला नाही. त्यातील बोचणारा काटा तेवढा काढून टाकलेला आहे.

स्टॅफर्डशायरमधील ऑल्टन टॉवर्सची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ते श्रूजबरीच्या अर्लांचे निवासस्थान. एकोणिसाव्या शतकात त्याच्या घडणीत प्रसिद्ध वास्तुकार पुगिन याचाही हातभार लागला. पुढे वाड्याचे भग्नावशेष झाले आणि १९८० मध्ये त्याच परिसरात 'कॉर्कस्क्रू' हे रोलर कोस्टर उभे राहिले. त्या भागात साखळ्यांनी जखडलेला एक जुना ओक वृक्ष आहे. दंतकथा अशी, की अर्लने एका भिकारणीला दान नाकारले. तिने शाप दिला की या झाडाची फांदी पडेल तेव्हा तुझ्या घरातील एक माणूस मरेल. म्हणून अर्लने झाडाच्या फांद्या साखळ्यांनी बांधून टाकल्या. २००० मध्ये याच कथेवर भग्न वाड्यातच 'हेक्स' नावाचा खेळ उभारण्यात आला. प्रेक्षक एका दालनात बसतात आणि दालनच आपल्याभोवती फिरते आहे असा भास होतो.

रूपांतर म्हणून हे काम सामान्य नाही. कथा ज्या भूमीत जन्मली त्याच भूमीवर, त्याच वाड्यात ती पुन्हा सांगितली जाते, हे तिचे मोठे बळ आहे. पण मूळ कथेचा गाभा कोणता? नाकारलेले दान आणि त्याचे फळ. ती गरिबाच्या बाजूने सांगितलेली, धनिकाला धाक घालणारी कथा आहे. खेळात शाप राहतो, साखळ्या राहतात, भोवळ येते. दान नाकारणाऱ्याची जबाबदारी मात्र त्या भोवळीत मागे पडते. लोककथेतील नैतिक भय जाऊन तेथे शारीरिक भय येते. हे स्थित्यंतर मला या व्यवसायाच्या मुळाशी असलेले स्थित्यंतर वाटते.

जत्रेतील आकाशपाळण्याशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. जत्रेतही भय होते, विस्मय होता आणि पैसे मोजावे लागत होते. परंतु तो पाळणा तिथीला येई आणि तिथी सरली की जाई. ग्रामदैवताच्या आवारात त्याला जागा मिळे, म्हणजे त्याचे स्थान उसने होते आणि ते त्याला ठाऊक असे. थीम पार्कमध्ये हा क्रम उलटा होतो. पाळणा कायमचा राहतो आणि गावाची कथा त्याच्या सजावटीला येते.

दक्षिण कोरियातील चुंचॉन येथे हा उलटा क्रम अक्षरशः भूमीवर उमटला. तेथील नदीबेटावर लेगोलँड उभारण्याचे ठरले, तेव्हा २०१४ च्या सुमारास झालेल्या उत्खननात कांस्ययुगीन वस्तीचे आणि महापाषाणीय दफनशिळांचे अवशेष मोठ्या संख्येने सापडले. अभ्यासकांनी व नागरिकांनी आक्षेप घेतले, प्रकल्प रेंगाळला आणि अखेर मे २०२२ मध्ये उद्यान सुरू झाले. कथेतील मर्लिनने शिळा हलवल्या त्या स्मारक उभारण्यासाठी. येथे वाद होता तो खेळण्यातील विटांच्या नगरासाठी खऱ्या शिळांचे काय करावयाचे, याचा. या निर्णयात स्थानिक शासनाचा वाटा मोठा होता, हे नमूद करावयास हवे. कंपनी येते ती बहुधा बोलावल्यामुळेच.

४

आता भयाकडे वळू. भरताने सांगितलेल्या आठ रसांत भयानकाचा समावेश आहे आणि भय हा त्याचा स्थायिभाव. प्रत्यक्षात दुःखद असणारे भय रंगभूमीवर आस्वाद्य कसे होते, या प्रश्नाला अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर सुपरिचित आहे. शाकुंतलाच्या प्रथमांकात दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन तो दाखवतो, की प्रेक्षकाला प्रतीत होणारे भय 'माझे' नसते, शत्रूचे वा मित्राचेही नसते. ते देशकालाच्या बंधनांतून सुटलेले असते. हेच साधारणीकरण. भय स्वतःचे वाटू लागले, तर पळून जाण्याची इच्छा होईल आणि रसास विघ्न येईल.

रोलर कोस्टरवर बसलेल्या माणसाची स्थिती या चौकटीत नीट बसत नाही. तेथे धावणारे हरिण तो स्वतःच असतो. खाली कोसळणारे शरीर त्याचे असते, पोटात पडणारा खड्डा त्याचा असतो. भय पूर्णपणे स्वगत असूनही तो ते आनंदाने भोगतो आणि उतरल्यावर पुन्हा रांगेत उभा राहतो. नाटकात कवीची रचना आणि सहृदयाचे संस्कार यांनी निर्माण होणारे अंतर येथे कोण निर्माण करते? याचे उत्तर असे, की येथे साधारणीकरणाची जागा हमीने घेतलेली आहे. खांद्यावर बसणारा लोखंडी दांडा, ब्रेक, रुळांचे टप्पे पाडून एका टप्प्यात एकच गाडी राहू देणारी यंत्रणा आणि ती सांभाळणारी माणसे, यांच्या भरवशावर हे भय आस्वाद्य होते. काव्यात रसाचा रक्षक कवी असतो. येथे तो देखभाल करणारा तंत्रज्ञ असतो. त्याचे नाव कोणत्याही जाहिरातीत नसते.

ऑल्टन टॉवर्समध्ये मे २०१३ मध्ये 'द स्मायलर' हे रोलर कोस्टर सुरू झाले. प्रवाशाला चौदा वेळा उलटे करणारे म्हणून त्याची विक्रमी नोंद झाली. त्याची कल्पित कथा समीक्षकाने लक्ष द्यावे अशी आहे. 'आनंद मंत्रालय' नावाची एक संस्था माणसांना पकडून सक्तीने हसावयास लावते, असा तिचा आशय. करमणुकीच्या कारखान्याने स्वतःवरच केलेले हे विडंबन होते. आणि ते चतुर होते. आनंदाची सक्ती करणाऱ्या यंत्राची थट्टा करीत करीत लोक त्याच यंत्रात बसत होते.

२ जून २०१५ रोजी चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी रुळावर मध्येच अडकली. यंत्रणेने मागची गाडी थांबवली. रिकामी गाडी अडकली आहे हे न जाणवल्यामुळे तंत्रज्ञांनी यंत्रणेचा तो रोध बाजूला सारून गाडी पुढे सोडली. त्या गाडीत १६ माणसे होती. ती गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. अनेकांना इजा झाल्या. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. लोकांना खाली उतरवण्यास कित्येक तास लागले. कंपनीने न्यायालयात दोष मान्य केला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तिला ५० लाख पौंडांचा दंड झाला. तपासयंत्रणेने बोट ठेवले ते एकट्यादुकट्या तंत्रज्ञावर नव्हे. अशा प्रसंगी काय करावयाचे याची सुरक्षित कार्यपद्धती त्यांना आखून दिलेली नव्हती, या उणिवेवर ठेवले.

या अपघाताचे कारण थेट भांडवलाच्या व्यवहारांत शोधणे हे घाईचे होईल. तसा पुरावा नाही. माझे म्हणणे याहून मर्यादित आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. यंत्राने 'थांब' म्हटले होते. त्या थांबण्याचा अर्थ लावणारी लिखित रीत कंपनीपाशी नव्हती. ज्या कंपनीने मंत्रालयाच्या कल्पित कथेचा एकेक तपशील, चिन्हे, संगीत आणि घोषवाक्ये काटेकोर रचली, तिने त्या कथेला आस्वाद्य ठेवणाऱ्या कामाची संहिता तेवढ्या काटेकोरपणे लिहिली नव्हती. दिसणारी कथा पूर्ण होती, न दिसणारी अपुरी राहिली. त्या दिवशी सोळा माणसांपुरते भयाचे अंतर नाहीसे झाले आणि भय केवळ भय उरले.

अपघातानंतर प्रेक्षक घटले. नोव्हेंबर २०१५ मध्ये ऑल्टन टॉवर्समध्ये १९० पर्यंत नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर झाली. मार्च २०१६ मध्ये स्मायलर पुन्हा सुरू झाले. कल्पित कथा तीच राहिली. ज्यांनी २०१५ नंतर त्या रांगेत उभे राहून 'आनंद मंत्रालया'चे विडंबन वाचले असेल, त्यांना ते पूर्वीसारखे निव्वळ विनोदी वाटणे कठीण होते. संहितेत एक अक्षर बदलले नसतानाही तिचा अर्थ बदलतो, याचे याहून कठोर उदाहरण मला ठाऊक नाही.

लंडन डंजनमध्ये हाच प्रश्न दुसऱ्या अंगाने उभा राहतो. २०१३ मध्ये ते थेम्सकाठच्या काउंटी हॉल या वास्तूत हलवण्यात आले. ही वास्तू १९८६ मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त होईपर्यंत नगरशासनाचे आसन होती. जेथे शहराच्या घरांचा आणि शाळांचा निर्णय होत असे, तेथे आता शहराच्या प्लेगचे, आगीचे आणि खुनांचे प्रयोग होतात. त्यांत जॅक द रिपर आहे. १८८८ मध्ये त्याने मारलेल्या स्त्रिया खऱ्या होत्या, गरीब होत्या आणि त्यांना नावे होती. अभिनवगुप्ताचे हरिण कवीने निर्मिलेले होते. या स्त्रिया कोणी निर्मिल्या नव्हत्या. काळाचे अंतर वाढले म्हणजे दुसऱ्याचे मरण आपोआप आस्वाद्य होते काय, याचा विचार प्रेक्षकाने करावा अशी जागा त्या प्रयोगाच्या वेगात ठेवलेली नसते.

५

भारतापुरता या कंपनीचा ठळक संबंध दिल्लीशी आला. मादाम तुसाँ प्रदर्शनाची संस्थापिका मारी तुसाँ ही १७६१ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे जन्मली, मेणकाम कुर्तिउस याच्यापाशी शिकली, १८०२ मध्ये ब्रिटनमध्ये आली आणि तीसहून अधिक वर्षे गावोगाव प्रदर्शन फिरवून १८३५ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर स्थिरावली. फ्रेंच राज्यक्रांतीत शिरच्छेद झालेल्यांचे मुखवटे आपल्याकडून करवून घेतले गेले, असे तिने आपल्या आठवणींत म्हटले आहे. वृत्तपत्रांत छायाचित्रे नव्हती त्या काळात तिचे मेण हे बातमीचे रूप होते. राजा किंवा खुनी दिसतो कसा, हे लोकांना तेथे कळे.

डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील रीगल इमारतीत हे प्रदर्शन सुरू झाले. त्याच वर्षी मार्चअखेरीस तेथील जुने रीगल चित्रपटगृह बंद पडले होते. हलत्या चित्रांच्या घरात न हलणारे पुतळे आले. त्यांत सचिन तेंडुलकर होते, आशा भोसले होत्या. आशाबाईंच्या पुतळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या मराठी रसिकाची अडचण कोणती असते, हे पाहण्यासारखे आहे. चेहरा, साडी, उभे राहण्याची ढब सारे हुबेहूब असते. परंतु आपल्या पिढ्यांनी त्यांना ओळखले ते आवाजाने. कित्येकांनी चेहरा पाहण्यापूर्वी कितीतरी वर्षे. मेणाला आवाज देता येत नाही. अनुकृती जितकी पूर्ण, तितकी तिच्यातील उणीव तीव्र होते. प्रेक्षक ती उणीव भरून काढतो ती पुतळ्याशेजारी स्वतःचे छायाचित्र घेऊन. मारी तुसाँच्या काळी पुतळा पाहणे ही मोठ्या माणसाची ओळख होती. आता ओळख आधीच झालेली असते, पुतळा केवळ सोबतीचा पुरावा देतो.

महामारीच्या काळात, २०२० मध्ये हे प्रदर्शन बंद झाले आणि जुलै २०२२ मध्ये नोएडाच्या एका मोठ्या मॉलमध्ये पुन्हा उघडले. पुतळे गेले, रीगल मागे राहिले. या स्थलांतराने प्रदर्शनाच्या आशयात काय फरक पडला, असे विचारले तर प्रामाणिक उत्तर 'फारसा नाही' असेच द्यावे लागेल. स्थळाचा अनुभवाशी असलेला संबंध किती सैल झाला आहे, याचे मोजमाप या उत्तरात आहे. कॅनॉट प्लेसमधील त्या दारावरून जाणाऱ्या जुन्या प्रेक्षकाला मात्र अजूनही चित्रपटगृहच आठवते.

६

या विवेचनातून काय हाती लागते? मर्लिनची वाढ ही एका विशिष्ट कौशल्याची वाढ आहे. लोकांच्या स्मृतीत आधीपासून असलेली कोणतीही गोष्ट, मग ती राजाची असो, मारेकऱ्याची, शापाची किंवा लहानपणीच्या खेळण्यातील विटांची, कोणालाही इजा न करणाऱ्या रूपात पुन्हा पुन्हा देता येणे, हे ते कौशल्य होय. जुलै २०२५ मध्ये शांघायमध्येही लेगोलँड उघडले; या कौशल्याला देशांच्या सीमा आड येत नाहीत. त्यातून मिळणारा आनंद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. रोलर कोस्टरवरून उतरलेल्या मुलाचे हसू हे कोणत्याही सिद्धांताने नाकारण्याजोगे नाही. आठवडाभर राबलेल्या आईबापांनी त्या हसण्यासाठी पैसे मोजले तर त्यात हिणवण्यासारखे काय आहे?

परंतु 'इजा होणार नाही' या वचनाचे दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. देहाला इजा होणार नाही, हे वचन कंपनीने अक्षरशः पाळलेच पाहिजे. त्यात तिळभर उणीव चालणार नाही, हे २०१५ ने शिकवले. मनाला मात्र काहीच बोचणार नाही, हे वचन तिने देण्याचे कारण नाही. भिकारणीला नाकारलेले दान, रिपरच्या हातून मेलेल्या स्त्रियांची नावे, मेजवानीमागचे राबणारे हात ही प्रेक्षकाला किंचित बोचली, तर त्याचा आनंद नष्ट होत नाही, खोल होतो. करुण आणि भयानक हे रस मानणाऱ्या परंपरेला हे निराळे सांगावयास नको. या व्यवसायाने देहाच्या आणि मनाच्या सुरक्षिततेची गल्लत केली. मनाला काही लागणार नाही याची काळजी त्याने अतोनात घेतली. देहाला लागणार नाही याची काळजी जेथे लिहून ठेवावयाची, तेथील पान एके दिवशी कोरे निघाले.

समीक्षेने अशा स्थळांकडे पाहताना म्हणून दोन संहिता वाचाव्यात : एक भिंतीवर रंगवलेली, दुसरी कामगारांच्या हातात दिलेली. पहिलीचे रसग्रहण आपल्याला येते. दुसरी वाचण्याची सवय आपण अद्याप लावून घ्यावयाची आहे.